शिंदखेड्याचं मशीन

कपडे धुण्याचं मशीन किती वर्षं टिकतं, हा प्रश्न मला लोकांनी इतक्यांदा विचारला आहे की रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तरी आधी तोच येईल असं वाटतं. जळगावातल्या एका दुकानात मी मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या भागात ही मशीनं नुकती येऊ लागली होती. माणसं टीव्ही बघायला येत, फ्रीज बघायला येत, आणि जाता जाता मशीनच्या झाकणावर टिचकी मारून विचारत, हे किती वर्षं चालेल? शेठ सांगत, पंधरा. मी सांगायचो, दहा. खरं म्हणजे ते घर बघितल्याशिवाय सांगताच येत नाही.

एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून आम्ही दोन मशीनं पोचवली होती. एक पिंप्राळ्यात एका कारकुनाच्या घरी, दुसरं जामनेरला एका कापूसवाल्याकडे. पिंप्राळ्यातलं चौथ्या वर्षी संपलं. तिथे बोअरचं पाणी, इतकं जड की साबणाला फेस येत नसे. फेस येत नाही म्हणून बाई आणखी पावडर टाकायची, आणि ती पावडर व पाण्यातला क्षार मिळून डब्याच्या तळाशी सिमेंटसारखा थर बसायचा. मी तो पेचकसाने खरवडून काढायचो. जामनेरचं मशीन बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी, भरतकामाचा रुमाल घालून ठेवलेलं. घरातल्या बायका कपडे मागे दगडावर धुवायच्या. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार. तेही पाचव्या वर्षी गेलं, कारण न वापरता रबर वाळून तडकलं आणि उंदरांनी वायरी खाल्ल्या.

केळीच्या भागात गेलो की मशीनच्या पोटात रॉकेलचा वास यायचा. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, काळा पडून बसतो. तो काढायला बायका रॉकेल चोळतात आणि तो कपडा तसाच मशीनमध्ये टाकतात. रॉकेलने रबराचं सील फुगतं, पाणी खाली मोटरवर गळतं. मी घरच्यांना सांगून सांगून थकलो. आता मागे वळून बघताना कळतं की मी ते कुणाला सांगत होतो. घरातल्या पुरुषांना. मी बैठकीत चहा पीत सांगायचो, आणि रॉकेल चोळणारी बाई मागच्या दारी असायची.

हे मशीन कसं असतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्या काळच्या मशीनला शेजारी शेजारी दोन डबे असत. मोठ्यात कपडे धुवायचे, मग हाताने उचलून लहान डब्यात टाकायचे. या लहान डब्याला सगळे ड्रायर म्हणत. तो कपड्यांसकट गरागरा फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. पिळण्याचं काम तो करतो, म्हणून बायकांना खरं अप्रूप त्याचंच. त्याचा वेग असा की फिरताना आतलं कापड दिसत नाही, नुसती पांढरी रेघ दिसते. म्हणून त्याच्या झाकणाला एक स्विच असतो. झाकण उघडलं की मोटरचा करंट तुटतो आणि त्याच झटक्यात खालचा ब्रेक लागून डबा थांबतो. स्विच आणि ब्रेक दोन्ही कामं करणारा एक प्लॅस्टिकचा खटका झाकणाच्या बिजागरीजवळ असतो. करंगळीएवढा. मशीनमध्ये माणसाचा जीव सांभाळणारी वस्तू तेवढी एकच.

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहत. प्राथमिक शाळेत जन्म गेला होता. बायको लवकर वारली, एक मुलगी, निर्मला, तिला त्यांनी एकट्याने वाढवलं. तिचं लग्न शिंदखेड्याला ठरलं. मुलाचं नाव अशोक, बी-बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान, घरची शेती, घरात नऊ माणसं. गुरुजी एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले की पोरीला आंदण म्हणून धुण्याचं मशीन द्यायचं आहे, कुठलं घेऊ? नऊ माणसांची धुणी ती एकटीच धुणार हे त्यांना माहीत होतं. बहुतेक बाप सोनं बघतात, कपाट बघतात. मुलीच्या हातांचा विचार करणारा बाप मी पहिल्यांदा बघत होतो. मीच त्यांना दुकानात नेलं, मीच मशीन निवडून दिलं आणि लग्नानंतर शिंदखेड्याला जाऊन मीच ते बसवलं.

तीन वर्षं ते उत्तम चाललं. निर्मलाचा हात कामाला नेटका होता. कपड्यांचे खिसे तपासून मगच आत टाकायची, धुणं झालं की डबा कोरडा पुसायची. ते मशीन माझ्या यादीत सगळ्यात कमी त्रास देणारं होतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास एका उन्हाळ्यात दुकानावर फोन आला की शिंदखेड्याच्या मशीनचा ड्रायर फिरत नाही. मी सकाळची सुरत पॅसेंजर धरून गेलो. घरात मांडव पडायचा होता. अशोकच्या धाकट्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर होतं. अंगणात गहू निवडणं चाललेलं, पापड वाळत घातलेले, मोरीशेजारी धुण्याचा ढीग माझ्या कमरेला लागेल एवढा. मशीन उघडून बघितलं तर तो बिजागरीजवळचा खटका तुटला होता. खटका नाही म्हणून स्विच लागत नव्हता आणि ब्रेक कायमचा दाबून बसला होता. पार्ट माझ्याकडे नव्हता, जळगावच्या दुकानात नव्हता, मुंबईहून मागवावा लागणार होता.

मी अशोकला तसं सांगितलं. तो म्हणाला, काहीतरी जुगाड करा. मी म्हणालो, होत नाही. तेवढ्यात त्याचे वडील बाहेर आले. त्यांना सगळे आबा म्हणत. पागोटं डोक्यावर, आवाज हळू. ते माझ्याशेजारी खाली बसले.

"भाऊ, चार दिनवर लगीन शे. बठ्ठा पाव्हना येतीन. मशीन बंद ठेवीसन कसं चाली? तिले एकलीले किती धोवाले लावू?"

तिला एकटीला किती धुवायला लावू, असं विचारणाऱ्या आबांच्या मनात सून होती, हे मला तेव्हाही कळलं. आणि मला जुगाड माहीत होता. सगळ्या मेकॅनिकांना माहीत असतो. मी स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि चिकटपट्टी गुंडाळली. ब्रेकची तार मागे ओढून तांब्याच्या तारेने बांधून टाकली. दहा मिनिटांचं काम. ड्रायर फिरायला लागला. फक्त आता झाकण उघडं असलं तरी तो फिरणार होता आणि थांबायला सांगितलं तरी लगेच थांबणार नव्हता.

मी बैठकीत आलो. चहा आला. मी अशोकला सांगितलं की हे तात्पुरतं आहे, डबा पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, लाइट गेली तर आधी बटण बंद करायचं, आणि पार्ट आला की मी येतोच. तो मांडववाल्याशी बोलत होता. मान हलवून हो म्हणाला. मी जॉबकार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, इंग्रजीत लिहिलं की स्विच बायपास केला आहे, त्याची सही घेतली आणि एक प्रत त्याला दिली. निघताना मागच्या अंगणातून गेलो. निर्मला मोरीपाशी चादरी भिजवत होती. माहेरच्या गल्लीतला माणूस म्हणून तिने हसून विचारलं, "भाऊ, झालं का?"

मी म्हणालो, "झालं, ताई. चालू झालं."

एवढंच. पॅसेंजर चुकेल म्हणून मी घाईत होतो. तिच्यापासून मी पाच हातांवर उभा होतो. जे सगळं बैठकीत सांगितलं ते तिथे सांगायला एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट मी नंतर कितीदा परत उभं करून बघितलंय, त्याची मोजदाद नाही.

पार्ट आठव्या दिवशी आला. शेठने माझ्या हातात दिला, मी पिशवीत टाकला. त्या आठवड्यात पाचोऱ्याला दोन मशीनं बसवायची होती, भुसावळला एक मोटर जळली होती. एका खटक्यासाठी शिंदखेड्याला पूर्ण दिवस मोडायचा, त्यापेक्षा त्या बाजूचं आणखी एखादं काम निघालं की जाऊ, असं मी ठरवलं. तिकडून तक्रारही नव्हती. ड्रायर चालत होता.

लग्न पार पडलं. पाहुणे गेले आणि त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी राहिल्या. निर्मला रोज थोडं थोडं धूत होती. एका दुपारी ड्रायर फिरत असताना लाइट गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती दिवसातून चार वेळा जायची आणि कधी तासाने, कधी दोन मिनिटांनी यायची. डबा हळूहळू थांबला. निर्मलाने झाकण उघडलं. आत गादीची खोळ होती, ती डब्याच्या दांड्याला वेढून बसली होती. तिने मनगटापर्यंत हात आत घातला, खोळीचं टोक हाताभोवती गुंडाळून ओढायला लागली. आणि लाइट आली.

स्विच जागेवर असता तर झाकण उघडं असताना डबा फिरला नसता. मी जोडलेल्या वायरींमुळे तो फिरला.

दुकानावर फोन आला तेव्हा मी भुसावळला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने धुळ्याला गेलो. तिला तिथल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. व्हरांड्यात अशोक, आबा आणि गुरुजी बसले होते. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "वसंत, तू कशाला आलास एवढ्या लांब? बरं केलंस." त्यांना काहीच माहीत नव्हतं. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली होती, मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी हात वाचवला हेच खूप होतं.

अशोक आलेल्या प्रत्येकाला सांगत होता की तिचीच घाई झाली, लाइट गेल्यावर बटण बंद करायचं एवढंही तिला सुचलं नाही. मी ऐकत होतो आणि तो माझी नजर चुकवत होता. आम्हा दोघांना ठाऊक होतं की बटण बंद करायचं हे कुणाला सांगितलं होतं.

थोड्या वेळाने आबा उठले, मला जिन्याकडे घेऊन गेले. त्यांनी मला विचारलं नाही, दोष दिला नाही. जिन्याचा कठडा धरून ते म्हणाले,

"तिले कोनी सांगेलच नव्हतं, भाऊ. मी इचारं तिले. कोनीच सांगेल नव्हतं."

मी आत जाऊन तिला भेटलो नाही. पिशवीत तो पार्ट होता. तसाच परत आलो.

पंधरा दिवसांनी शेठने मला आत बोलावलं. गुरुजींनी कुणा वकिलाला विचारलं होतं आणि तक्रार करायचं त्यांच्या मनात होतं. शेठ माणूस वाईट नव्हता. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः उभं राहून वाढलं होतं. ते म्हणाले की जुनं जॉबकार्ड फाडून टाक आणि नवीन लिही, की मी तपासायला गेलो तेव्हा स्विच आधीच कुणीतरी काढलेला होता, ग्राहकाने गावातल्या कुणाकडून तरी छेडछाड करून घेतली होती, आणि मशीन वापरू नका असं मी सांगून आलो. कंपनीवर येणार नाही, दुकानावर येणार नाही, तुझ्यावरही येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अशोककडची प्रत? लग्नाच्या गडबडीत ती हरवली होती, याची चौकशी त्यांनी आधीच केली होती.

माझी धाकटी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. तेव्हा मात्र तेच कारण म्हणून स्वतःला सांगितलं आणि लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत गुरुजींसारख्याच एका मास्तरांनी वळण लावलेलं. त्या अक्षरात मी खोटं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. निर्मला पिंप्राळ्याला आली, विश्रांतीसाठी म्हणून. आमच्या गल्लीतच. मी सकाळी लवकर निघायचो आणि मागच्या रस्त्याने घरी यायचो. गुरुजी समोर आले तर सायकल दुसरीकडे वळवायचो. एका घरी ड्रायरचं झाकण उघडून तपासायचं तर मी तीनदा तपासलं, बाई हसायला लागली. माझ्या बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. ती निर्मलाकडे जाऊन-येऊन होती. घरी येऊन सांगायची की ती डाव्या हाताने लिहायला शिकते आहे, पाटीवर, पहिलीतल्या मुलासारखं. गुरुजी समोर बसून अक्षर गिरवून घेतात.

तक्रार ग्राहक मंचात गेली. दुकानाच्या वकिलाने माझा कागद तिथे लावला. एका रविवारी गुरुजी त्याची प्रत घेऊन माझ्या घरी आले. मला टाळता आलं नाही. त्यांनी चष्मा लावला, कागद माझ्यापुढे धरला आणि शाळेत विचारावं तसं विचारलं, "हे अक्षर तुझं आहे का?"

मी हो म्हणालो.

"मग हे खरं असेल," ते म्हणाले. "अशोकरावांनी कुणाकडून तरी काढून घेतला असेल स्विच. ते कबूल करत नाहीत. साक्षीलाही यायला तयार नाहीत. निर्मला म्हणते तू तिला चालू झालं असं सांगितलंस, पण मी तिला म्हणालो, तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल, वसंत खोटं लिहिणार नाही. मग तक्रार मागे घेतलेली बरी."

ते कागदाची घडी घालून उठायला लागले. माझी बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "गुरुजी, बसा."

मी सगळं सांगितलं. वायरी कशा जोडल्या, ब्रेकची तार कशी बांधली, अशोकला काय सांगितलं, निर्मलाला काय सांगितलं नाही, पार्ट किती दिवस पिशवीत होता. शेवटी गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हे तिथे सांगशील?" मी हो म्हणालो. ते गेल्यावर बायकोने चूल पेटवली नाही. त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

मंचासमोर मी उभा राहिलो तेव्हा निर्मला दुसऱ्या बाकावर बसली होती, उजवा हात पदराखाली. दुकानाच्या वकिलाने मला दोनदा आठवण करून दिली की माझीच सही आहे. मी म्हणालो, सही माझी आहे आणि मजकूर खोटा आहे. स्विच मी काढला. मग त्याने विचारलं की धोक्याची सूचना दिली होती का.

"दिली होती," मी म्हणालो. "घरच्या मालकांना दिली होती. धुणं धुणाऱ्या बाईंना दिली नव्हती."

हे बोलताना मी निर्मलाकडे बघितलं नाही. पण बाकावर काहीतरी हललं एवढं कळलं. सासरी आबा सोडून सगळ्यांनी तिला तूच घाई केलीस म्हणून सांगितलं होतं, आणि तिनेही ते खरं मानलं होतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं हे तिला तिथे, परक्या माणसांसमोर, माझ्या तोंडून कळलं.

निकाल गुरुजींच्या बाजूने लागला. दुकानाने पुढे अपील केलं, तेही टिकलं नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. सकाळी दुकानावर गेलो तर माझी हत्यारांची पिशवी बाहेर पायरीवर ठेवलेली होती. शेठ आत होते, बाहेर आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

शिंदखेड्याहून निर्मलाला न्यायला कुणी आलं नाही. आधीही येणार होतं का, कोण जाणे. अशोक लोकांना सांगत फिरला की सासऱ्याने त्याला मंचात उघडं पाडलं. दीड-दोन वर्षांत फारकत झाली. आबा मात्र एकदा पिंप्राळ्याला येऊन गेले, सुनेला भेटले आणि ओट्यावर न बसता उभ्याउभ्याच परत गेले, असं गल्लीत ऐकलं. माझ्या खोट्याने तिचं नुकसान झालं, हे उघड आहे. माझ्या खऱ्यानेही झालं का, हे मी आजवर स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही. बायको म्हणते, तिथे राहून तिचं काय बरं होणार होतं? बायकोचं बरोबर असेल. मला ते पुरत नाही.

मी घरूनच दुरुस्तीची कामं घेऊ लागलो. पण एक बदल केला. कुठल्याही घरी गेलो की आधी विचारायचो, कपडे कोण धुतं? बैठकीतले पुरुष म्हणायचे, मला सांगा ना. मी म्हणायचो, धुणाऱ्यांना बोलवा. काही घरांत हे आवडलं नाही. एका घरी मला दुसऱ्यांदा बोलावलं नाही. इतर ठिकाणी बाया पदर खोचून आल्या, आधी लांब उभ्या राहिल्या, मग जवळ येऊन इतके प्रश्न विचारले की मला उत्तरं देताना घाम फुटला. मशीन त्या वापरत होत्या आणि त्यांना त्यातलं काही कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडची मशीनं पुढे जास्त वर्षं टिकली. याचं श्रेय मला घ्यायचं नाही. ज्या कारणाने मी शिकलो ते कारण बघता घेता येत नाही.

फारकतीनंतर शिंदखेड्याहून टेम्पोतून निर्मलाचं सामान आलं. भांडी, कपाट, पलंग आणि ते मशीन. गुरुजींना ते दारातही नको होतं, ते भंगारवाल्याला बोलावणार होते. चार दिवसांनी माझ्या बायकोकडून निरोप आला की निर्मलाने मला बोलावलं आहे. मी गेलो. मला वाटलं, आता ती बोलेल, जे बोलायचं राहिलं होतं ते.

मशीन मागच्या अंगणात नळापाशी ठेवलं होतं. शेजारी बादलीत गुरुजींची धोतरं भिजत होती. निर्मला म्हणाली, "हे नीट करून द्या."

मी म्हणालो, ताई, दुसरं घेऊ, मी माझ्याकडचं एक चांगलं देतो. ती म्हणाली की दुसरं कशाला, यात बाकी काही बिघडलेलं नाही. मग तिने मला दाखवलं. तिला कपडे धुता येत होते, पायाने तुडवून, डाव्या हाताने घासून. पिळता येत नव्हते. एका हाताने पिळलं जात नाही. ती धोतराचं एक टोक नळाला बांधायची आणि दुसरं डाव्या हाताने पिळायची, तरी निम्मं पाणी तसंच राहायचं. पावसाळ्यात गुरुजी ओलसर धोतर नेसून वाचनालयात जायचे. तिला ड्रायर हवा होता. ज्याने तिचा हात निकामी झाला, त्याच्याशिवाय आता तिचं चालत नव्हतं.

मी वायरी सोडवल्या. चिकटपट्टी अजून तशीच होती. नवीन स्विच, नवीन खटका, ब्रेकची नवी तार बसवली. ती शेजारी पाटावर बसून बघत होती. झाल्यावर मी झाकण उघडून, बंद करून दाखवलं. ती म्हणाली, "आता सांगा. यात काय काय बिघडू शकतं ते सगळं सांगा."

मी सांगत गेलो. ती डाव्या हाताने वहीत लिहीत गेली, सावकाश, मोठ्या अक्षरात. बेल्ट, सील, अर्थिंग, ओल्या हाताने प्लग काढू नये. तासभर तरी झाला असेल. शेवटी तिने विचारलं, "आणि हा स्विच पुन्हा तुटला तर?"

"तर मशीन चालणार नाही."

"तुम्ही आलात आणि पार्ट मिळत नसला तर?"

"तर मशीन बंद ठेवून परत जाईन," मी म्हणालो.

तिने तेही लिहिलं. मग वही मिटून ओट्यावर ठेवली, धोतरं ड्रायरमध्ये टाकली, झाकण लावलं आणि टायमर तीन मिनिटांवर फिरवला. डबा फिरू लागला. आम्ही दोघं बघत उभे होतो. ते मशीन त्यानंतर अकरा वर्षं चाललं, गुरुजी गेल्यावरही. पण त्या दिवशी ती तीन मिनिटं मला फार लांब वाटली. डबा थांबला. तिने झाकण उघडलं, थोडा वेळ नुसतं आत बघितलं आणि डावा हात घातला. धोतर बाहेर काढून तिने माझ्यापुढे धरलं.

"पिळून बघा," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी जोर लावून पिळलं. एक थेंब पडला नाही.